केळीच्या मुनव्याची पारख

करवीरास येणारा यात्रेकरू अंबाबाईचें दर्शन घेऊन रंकाळ्याकडे वळतो. आम्ही मात्र कपिलतीर्थ मंडईंत जवारी केळ्यांच्या फण्यांपाशीं रेंगाळलों. सत्यनारायणाच्या चौरंगास केळीचे खांब, प्रसादांत केळें, पंगतीस केळीचें पान. आपलें एकहि मंगलकार्य ह्या झाडावांचून पार पडत नाहीं. त्याच्या दुखण्याची विचारपूस मात्र आपण क्वचितच करतों.

शहराबाहेर पंचगंगेच्या कांठीं उसाचें राज्य. मधूनच केळीची बाग दिसते. केळ वाढते ती मुनव्यांनीं, आणि शेजाऱ्यानें प्रेमानें दिलेल्या मुनव्याबरोबर रोगहि येऊं शकतो. पर्णगुच्छ हा त्यांतला अत्यंत क्रूर. पानें अरुंद व ताठ होऊन शेंड्याशीं झुपका बनतो; घड धरत नाहीं. फिजी बेटांत १८८९ सालीं नोंदलेला हा रोग १९४० च्या सुमारास केरळांत शिरला. काळा मावा तो झाडोझाडीं पोंचवितो. डोळ्यांना खूण पटेपर्यंत शेजारचीं झाडेंहि बाधलेलीं असूं शकतात; म्हणून प्रयोगशाळेची पायरी चढावी लागते.

तेथें मुख्य वाटा दोन. एलायझा पद्धतींत विषाणूच्या आवरणास चिकटणारीं प्रतिद्रव्यें पानाच्या रसाशीं भिडवितात. विषाणु असला कीं रंग उमटतो. १९७७ पासून वनस्पतींसाठीं रूढ झालेली ही रीत स्वस्त असून एका वेळीं पुष्कळ पानें तपासते. दुसरी पीसीआर, कॅरी मुलिस यांनीं १९८३ मध्यें शोधलेली. ती विषाणूच्या जनुकद्रव्याचा तुकडा कोट्यवधि पटींनीं वाढविते. त्यामुळें लक्षणें दिसण्यापूर्वींहि रोग कळूं शकतो. मात्र पानांतील चिकट द्रव्यें नीट काढलीं नाहींत तर तीहि मुकी राहते.

मग पीसीआरच श्रेष्ठ काय? तसेंहि नव्हे. राजापुरी, वेलची ह्या आपल्या आवडत्या केळींत एका रानकेळीचा अंश आहे, आणि त्या अंशांत पानांवर रेघा उठविणाऱ्या विषाणूचे तुकडे पिढ्यान् पिढ्या मुरलेले असूं शकतात. पीसीआर निरोगी झाडासहि त्यापायीं रोगी ठरवील. एलायझा प्रत्यक्ष विषाणु शोधते. म्हणून अशा वेळीं आधीं प्रतिद्रव्यांनीं विषाणु पकडून मग पीसीआर करतात. पर्णगुच्छाकरितां मात्र पीसीआरच अधिक तीक्ष्ण.

रोगी झाडास औषध नाहीं. आधीं मावा मारून तें समूळ काढावें लागतें. ऊतिसंवर्धित रोपांच्या मातृवृक्षांची विषाणुतपासणी करून दाखला देण्याची सरकारी व्यवस्था २००६ पासून झाली आहे. परसांत केळ लावणाऱ्या वाचकांनीं रोप घेतांना तो दाखला अवश्य विचारावा, आणि आपला मुनवा दुसऱ्यास देण्यापूर्वीं मूळ झाड नीट न्याहाळावें. शेजारधर्मांत तेंहि येतें.