पोकळ लोखंडाचा निवाडा

गोलेम पोकळ असला आणि त्याच्या आत माणूस शिरला, की ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची दोन पुस्तकं एकमेकांसमोर उभी ठाकतात. गोलेम, म्हणजे मंत्राने हलणारा पुतळा, राहतो राक्षसांच्या पुस्तकात. तिथे तो जीव आहे, त्याचे स्वतःचे हिट पॉइंट्स आहेत, लढाईत स्वतःची पाळी आहे. चिलखत राहतं खेळाडूंच्या पुस्तकात, सामानाच्या तक्त्यात, वजन आणि किमतीच्या शेजारी. तीच वस्तू दोन्हीकडची असेल तर कुठला नियम लावायचा, ते डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या पंचाने, ठरवायचं असतं. नागपुरात धरमपेठेतल्या एका घराच्या वरच्या खोलीत शनिवारी संध्याकाळी ते काम माझ्याकडे असतं, आणि या खेळातलं माझं सर्वांत आवडतं काम तेच आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ छापला. पण पंचाची परंपरा त्याहून जुनी. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ होता. राइसविट्झने १८२४ मध्ये त्याचे बारीक नियम आणि तक्ते छापले. ते तक्ते इतके वाढत गेले की १८७६ मध्ये व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या शब्दावर खेळ चालवावा असं सुचवलं. मी या दोघांच्या मधे कुठेतरी बसते. मजकूर मला सोडवत नाही. माझ्या मर्जीवर खेळ चालला, तर समोरच्याने खर्ची घातलेल्या विचाराला काही किंमत राहत नाही.

आमच्या मोहिमेत आलेल्या वस्तूचा मजकूर तीन वाक्यांचा होता. या पोकळ लोखंडी गोलेमच्या आत एक जण चिलखतासारखा शिरू शकतो. आत असेपर्यंत त्याची ताकद २४ आणि चिलखताचा अंक २०. गोलेमचं संरक्षण धारण करणाऱ्याला मिळतं. पहिली दोन वाक्यं सरळ आहेत. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकातल्या लोखंडी गोलेमचेच ते आकडे. सगळं भांडण तिसऱ्या वाक्यात. त्या गोलेमला आगीने इजा होत नाही, उलट आगीने तो भरून निघतो. विष चढत नाही. भीती नाही, भुरळ नाही, थकवा नाही. यातलं आतल्या माणसाला काय मिळालं?

“ताई, गोलेमले विष चढत नाही ना? मंग मले काऊन चढन?” हा प्रश्न पहिल्याच लढाईत आला.

अशा वेळी मी मीमांसेकडे जाते. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या शेवटच्या खंडात पूर्वमीमांसेच्या अर्थ लावण्याच्या नियमांवर सविस्तर लिहिलेलं आहे, आणि डीएमला इतकी उपयोगी पानं मला दुसरीकडे मिळाली नाहीत. जैमिनीने अर्थ ठरवणारी सहा प्रमाणं क्रमाने लावली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. थेट विधान, शब्दाची स्वतःची क्षमता, वाक्यातली जोडणी, संदर्भ, जागा, आणि शेवटी नाव. दोन प्रमाणं भिडली तर आधीचं जिंकतं. याचं नेहमीचं उदाहरण असं, की एका ऋचेत इंद्राचा उल्लेख आहे, पण विधी थेट सांगतो की त्या ऋचेने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी. तेव्हा ऋचा अग्नीकडेच जाते. आतल्या उल्लेखापेक्षा थेट आज्ञा मोठी.

माझ्या टेबलावरची निम्मी भांडणं समाख्येवरून होतात. वस्तूच्या नावात गोलेम आहे, म्हणून गोलेमचं सगळं लागू. हे सहांतलं सर्वांत दुबळं प्रमाण, आणि खेळाडूंचा हात आधी तिथेच जातो. नाव बाजूला ठेवलं की ‘संरक्षण’ या शब्दाची क्षमता उरते. जे बाहेरून येतं आणि अडवता येतं, तिथपर्यंतच तो शब्द पोहोचतो. घाव अडतो, ज्वाळा अडते. गोलेमला भीतीपासून संरक्षण आहे असं म्हणताच येत नाही. भिणारं मनच त्याला नाही. आतल्या माणसाला आहे. म्हणून भीती आणि भुरळ त्याची त्याने सोसायची. विषाचंही तेच. गोलेम श्वास घेत नाही, हा घेतो, आणि डोळ्यांच्या फटीतून धूर आत जातो.

शत्रूने कवचासकट मिठीत पकडलं तर काय, या निवाड्याला मला पुस्तकही लागलं नाही. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली काय झालं ते टेबलावरच्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. बखरी सांगतात त्याप्रमाणे अफझलखानाचं शस्त्र शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखालच्या चिलखतावर घासलं, पण महाराजांची मान मात्र खानाच्या काखेत दाबली गेली होती. चिलखताने धार थांबवली, मिठी थांबवली नाही. हे म्हटल्यावर कोणी वाद घातला नाही.

खरी कसोटी ‘हीट मेटल’ या मंत्राने लागली. हा मंत्र घडवलेली धातूची वस्तू तापवतो, आणि त्या वस्तूला टेकलेल्या प्रत्येकाला दोन आठ-पैलू फाशांइतकी इजा होते. एक मिनिटभर, म्हणजे दहा फेऱ्या, मंत्र टाकणारा ती इजा पुन्हापुन्हा देऊ शकतो. जड चिलखत उतरवायला पाच मिनिटं लागतात. म्हणजे ज्याच्यावर मंत्र पडला त्याची सुटका नाही. खेळाडूचं म्हणणं होतं की गोलेम जीव आहे, वस्तू नाही, तेव्हा मंत्र लागूच होत नाही. आणि झाला तरी आगीपासूनचं संरक्षण त्याच्याकडे आहे.

मी आधी मंत्राचे शब्द वाचून दाखवले. लोखंडाला इजा होते असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही, टेकलेल्या माणसाला होते. त्यामुळे कवच आगीने भरून निघण्याचा प्रश्नच येत नाही. मग वस्तूचं पहिलं वाक्य: ‘चिलखतासारखा’. आत माणूस असताना तिला वस्तू म्हणायला तेवढं पुरतं. आणि संरक्षण लोखंडाच्या पलीकडून येणाऱ्या आगीपासून आहे. इथे लोखंडच आग आहे. मे महिन्यात भर दुपारी उन्हात उभी राहिलेली बंद गाडी नागपूरकराला समजावून सांगावी लागत नाही. लू आत येत नाही, पण आत बसवतही नाही.

पण मग तोच निवाडा खेळाडूच्या बाजूनेही चालला पाहिजे. जखम बरी करणारा ‘क्युअर वुंड्स’ मंत्र २०१४च्या पुस्तकाप्रमाणे घडवलेल्या जीवांवर चालत नाही, आणि त्याला स्पर्श लागतो. कवच तापताना ते चिलखत होतं, तर बरं करतानाही चिलखतच. चिलखतावर ठेवलेला हात अंगावर ठेवलेला मानतात. म्हणून पुजारिणीने त्या तप्त लोखंडावर हात ठेवला, आणि आतला माणूस वाचला. तिचा हात भाजला, कारण तीही टेकली होती. टेबलावर सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गलक्यात प्रत्येक जण मंत्राचं वाक्य स्वतः वाचत होता. मला हेच हवं असतं.

निवाडे मी वहीत लिहून ठेवते, कारण उद्या तेच कवच शत्रूच्या अंगावर येईल आणि तेव्हा मला सोयीचं बोलता येणार नाही. आमच्यातला एक जण सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठात वकिली करतो. त्याला ती वही माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

आता त्यांना मातीच्या गोलेमचं कवच सापडलंय. ते जास्त अवघड. मातीच्या गोलेमचे हिट पॉइंट्स साठ किंवा त्याखाली आले, की तो प्रत्येक पाळीला सहा-पैलू फासा टाकतो आणि सहा पडला तर पिसाळतो. मग जो जवळचा जीव दिसेल त्याच्यावर धावतो. आतला माणूस सर्वांत जवळ, पण गोलेमला तो दिसत नाही, तेव्हा तो वाचला. पिसाळणं हे संरक्षण नक्कीच नव्हे, मग ते आतल्याला लागावं कसं? मी लिहून ठेवलंय की पाय आणि हात गोलेमचे जातील, मन आणि आवाज माणसाचा राहील. आपल्याच मित्रावर चालून जाताना तो ओरडून त्याला डावीकडे सरक म्हणू शकेल. वकिलाची हरकत आधीच आली आहे: आवाज ऐकून सरकणाऱ्या मित्राला फायदा द्यायचा की नाही? मी देणार आहे.