प्राग : फरसबंदीतले २७ क्रूस

प्रागच्या जुन्या नगरचौकात पायी भटकंतीला आलेले कुटुंब प्रथम थबकते ते १४१० सालच्या खगोलीय घड्याळापाशी. तासाच्या ठोक्याला प्रेषितांच्या मूर्ती सरकतात, मुले हरखतात, मोबाइल उंचावतात. नगरभवनाच्या पूर्वेकडील भिंतीलगत मात्र फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस आहेत. त्यांवरून पावले सहज निघून जातात. एखादी चिकित्सक मुलगी ते मोजू लागते, ‘हे कोणाचे?’ असे विचारते आणि आईवडील निरुत्तर होतात.

१६१८ साली बोहेमियातील प्रोटेस्टंट सरदारांनी हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध बंड पुकारले. ८ नोव्हेंबर १६२० रोजी, व्हाइट माउंटनच्या लढाईत, ते मोडले. २१ जून १६२१ रोजी याच चौकात २७ जणांना देहदंड झाला. त्यांत उमराव होते, तसे सामान्य नगरवासीही होते. किंबहुना बहुसंख्य तेच! यान येसेनियस हा तर विद्यापीठाचा रेक्टर. १६०० साली प्रागमध्ये जाहीर शवविच्छेदन करणारा हा वैद्य बंडखोरांचा दूत म्हणूनही वावरला होता. शिरच्छेदापूर्वी त्याची जीभ छाटण्यात आली. शिक्षा देणाऱ्यांना नेमके कशाचे भय होते, हे यावरून उमगावे.

चौकातून चार्ल्स पुलाकडे जाणारी वाट जेमतेम दहा मिनिटांची. पुलाच्या तोंडाशी असलेल्या बुरुजावर १२ मस्तके टांगली गेली. त्यांतील बहुतेक, १६३१ मध्ये सॅक्सन फौज शहरात येईपर्यंत, तेथेच होती. व्लटावा ओलांडायला प्रागमध्ये तेव्हा दुसरा पूल नव्हता.