पुरवणाऱ्या चार क्रियापदांशी ओळख

शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीत निविदांचं काम माझ्याकडे आलं आणि इंग्रजी कागद वाचताना मी पुरती गोंधळून गेले. एकाच पानावर सप्लाय, प्रोव्हाइड, फर्निश आणि इक्विप. शब्दकोश उघडावा तर चौघांपुढे फिरून तेच: देणे, पुरवणे. मग शब्द चार कशाला?

शेवटी निविदेतली वाक्यं वहीत एकाखाली एक उतरवली. सूक्ष्मदर्शक सप्लाय करायचे, शिक्षकांना प्रशिक्षण प्रोव्हाइड करायचं, बँक हमी फर्निश करायची, प्रयोगशाळा इक्विप करायची. तेव्हा कुठे फरक दिसू लागला. सप्लाय म्हटलं की नग आणि मागणी आली. त्याचं लॅटिन मूळच भरून काढण्याचं. प्रोव्हाइडच्या मुळाशी पुढचं आधी पाहणं आहे, म्हणून गरज ओळखून केलेल्या सोयीला तो शोभतो. प्रॉव्हिडंट फंड त्याच घरातला. फर्निश म्हणजे मागितलेला कागद किंवा माहिती रीतसर सादर करणं. घराच्या बाबतीत मात्र सामानसुमान लावून देणं. इक्विप फ्रेंचमधून आला, तिथे तो जहाज सफरीसाठी सज्ज करण्याचा शब्द होता. नुसती वस्तू पोचवून त्याचं भागत नाही, तिच्यामुळे काम करता आलं पाहिजे.

जीएसटीच्या 2017 च्या केंद्रीय कायद्यात यातले दोघे शेजारी भेटले. कलम 37 आउटवर्ड सप्लायचा तपशील फर्निश करण्याबद्दल आहे. माल गेला तो सप्लाय. त्याचा तपशील सरकारला सादर करणं, ते फर्निश.

सगळ्यात अवघड गेली वाक्यरचना. आपण शाळेला सूक्ष्मदर्शक पुरवतो. इक्विपचं कर्म मात्र सूक्ष्मदर्शक नव्हे, शाळा. सूक्ष्मदर्शकांच्या आधी विथ येतो. हे काही केल्या डोक्यात बसेना. मग मराठी वाक्य आठवलं: प्रयोगशाळा उपकरणांनी सज्ज केली. आपल्याकडेही ‘पुरवणे’ आणि ‘सज्ज करणे’ यांच्या विभक्ती वेगळ्याच आहेत की!

नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांना म्हणूनच कळकळीने सांगते, प्रतिशब्द पाठ करून थांबू नका. क्रियापदाचं कर्म कोण आणि सोबत विथ येतो की टू, हे पाहून अख्खं वाक्य वहीत लिहून ठेवा.