पार्लरचा युनिफॉर्म आणि अडीच मीटर कापड



सूनबाईचं पार्लर आमच्याच घराच्या खालच्या गाळ्यात आहे. हिशोबाची वही माझ्याकडे. बी.कॉम. होऊन 40 वर्षं झाली, पण जमा-खर्च अजून विसरले नाही, त्यामुळे तिथल्या खरेदीत माझं नाक असतंच.

दिवाळीपूर्वी तिनं ठरवलं, पाचही जणींना एकसारखे युनिफॉर्म करायचे. मी म्हटलं, शिवत कशाला बसतेस? तयार ट्युनिक दहा घे, घाऊक भावात पडतील. तिनं माझं ऐकलं. काळे, अंगाबरोबरचे, पुढे बटणं असलेले ट्युनिक आले. सगळ्यात मोठं माप एक्सएल, म्हणजे छाती 42.

आमच्याकडे पार्लर उघडल्यापासून असलेली एक जण आहे. थ्रेडिंगला तिच्यासारखा हात नाही. बायका तिच्यासाठी अर्धा-अर्धा तास थांबतात. अंगानं भरलेली, माझ्यासारखीच. तिला तो ट्युनिक खांद्यात बसला, पण हात वर केला की छातीवरची बटणं ताणायची. तिनं आतून सेफ्टी पिन लावली, वरून ओढणी घेतली. वॅक्सच्या हीटरजवळ ओढणी म्हणजे काय ते तुम्ही जाणताच. मी जाता-जाता बोलून गेले, "जरा जेवण कमी कर गं, बसेल बरोबर."

ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी सूनबाईला म्हणाली, ताई, मी आता घरोघरी जाऊनच कामं करीन.

खरं सांगते, पहिल्यांदा मला वहीच दिसली. तिच्यामागे जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा आकडा डोक्यात आला. दुसरी गोष्ट रात्री आठवली. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या ब्लाउजचं माप घेताना शिंपी भर दुकानात म्हणाला होता, "यांना कापड जास्त लागणार." मी त्यानंतर कित्येक वर्षं जुनाच ब्लाउज मापाला पाठवत आले. स्वतः दुकानात पाय ठेवला नाही.

क्षमावाणीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि तिला म्हटलं, "चुकलं माझं. कुठे काचतंय ते दाखव." ती आधी संकोचली. "जाऊ द्या हो काकू," म्हणाली. मग केस कापताना करतात तसे हात वर धरून दाखवलं. छातीवर, दंडाला आणि सीटवर.

आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशींना वरच बोलावलं, दार लावून माप घेतलं. छाती 44, सीट 50. मावशींचं पहिलंच म्हणणं असं, की नुसतं मोठं माप घेऊन भागत नाही. त्यानं खांदे उतरतात आणि बाई आहे त्याहून रुंद दिसते. आधी खांदा नेमका हवा, बाकीचं खाली सोडायचं. त्यांनी मुंढ्यापासून खालपर्यंत उभी शिवण घेतली, प्रिन्सेस कट म्हणतात तो. त्यानं छातीला जागा मिळते आणि पोटावर कापड ओढत नाही. काखेत चौकोनी कळी घातली, म्हणजे हात वर गेला तरी सगळा ट्युनिक वर चढत नाही. बटणं मधोमध नकोत, एका बाजूला पट्टीच्या आत. गळा व्ही. उंची सीटच्या रुंद भागावर संपवायची नाही, चार बोटं खाली न्यायची, आणि बाजूला चीर. बाही दंडाच्या जाड भागावर न थांबवता कोपराच्या जरा वर. पोटावरचे मोठे खिसे काढून बाजूच्या शिवणीत घातले. आत दीड इंच माया ठेवली. पँटीला फक्त मागे इलॅस्टिक.

कापडावरून मात्र आमची चर्चा रंगली. लायक्रा मिसळलेलं पातळ कापड प्रत्येक वळी दाखवतं. शुद्ध सुती चुरगळतं, आटतं आणि डाय पितं. नुसत्या पॉलिस्टरमध्ये ड्रायरपुढे घामानं जीव जातो. सूनबाईच्या मैत्रिणीनं सिल्क सुचवलं, पण रेशीम आपल्याकडे येत नाही, तो प्रश्न तिथंच मिटला. शेवटी 65-35 चं पॉलिकॉटन घेतलं. सरळ पडतं, इस्त्रीचा त्रास नाही.

काळ्या रंगात बारीक दिसतं म्हणतात. असेल. पण फेसच्या ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, त्याचा थेंब काळ्यावर पडला की तांबूस डाग कायमचा. शिवाय पावडर आणि पांढरे केस उठून दिसतात. आम्ही गडद वांगी घेतला. मेंदी-डायसाठी वरून वेगळा एप्रन, त्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे, कमरेला नाडी नाही. नाडी आवळली की पोटाचे दोन भाग होतात, हे मी साडीवरून सांगू शकते!

एका ट्युनिकला अडीच मीटर कापड लागलं. शिलाई धरून तयार मालापेक्षा महाग पडला. वहीत मी तो खर्च माझ्या नावावर टाकला, सूनबाईनं खोडून पार्लरच्या नावावर टाकला.

तिनं तो घालून आरशात पाहिलं, एकदा बाजूनं वळली, आणि ओढणी घडी करून पिशवीत ठेवली. घरोघरी जायचं पुन्हा काढलं नाही. परवा आमची सगळ्यात सडपातळ पोरगी वर आली, म्हणाली, "काकू, काळ्यात माझेही हात भरून येतात. मलाही ती काखेतली कळी हवी." मावशींना चार जणींची मापं घ्यायला उद्या बोलावलंय.