खाटेची कावड

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की आमच्या घरात दरवर्षी एक खटला उभा राहतो. आरोपी म्हणजे पडवीत भिंतीशी टेकवून ठेवलेली जुनी खाट. फिर्यादी आमची सूनबाई. "मामाजी, सुतळी कुजली, एक पाय डुगडुगतो. या वर्षी तरी ही चुलीत घालू या," असे ती म्हणते, आणि माझे उत्तर ठरलेले असते, "अगं, घरातले पहिले वाहन कोणी जाळते का?"

नातवंडे हसतात. त्यांच्या लेखी वाहन म्हणजे दारातली मोटारसायकल. त्यांच्या पुस्तकात वाहनांचा इतिहास मोठा सरळ आहे. आधी चाक, मग बैलगाडी, मग आगगाडी, मग मोटार, शेवटी विमान. जणू एक आले की दुसऱ्याने निमूटपणे निवृत्त व्हावे! १९७४ मध्ये दायमाबादला बैलजोडी जुंपलेला, उभ्या सारथ्यासकट धातूचा एक इवलासा रथ सापडला. चाकाची नि महाराष्ट्राची ओळख किती जुनी आहे, हे त्यावरून कळते. पण चाकाला रस्ता हवा, आणि आमच्या गडचिरोलीच्या जंगलात तीच वस्तू दुर्मिळ. उन्हाळ्यात माल वाहायला बंडी, माणसांना हलकी रेंगी. पाऊस लागला की दोन्ही गोठ्याशेजारी उभ्या. मग नदी ओलांडायला डोंगा, आणि आजाऱ्याला खाट. तिच्या चारी कोपऱ्यांना दोर बांधायचे, ते वर एका बळकट बांबूला अडकवायचे आणि बांबूची टोके खांद्यावर घ्यायची. चौघे असले की दोघे वाहतात, दोघे खांदा बदलायला सोबत चालतात. झाली खाटेची कावड.

मोठी वाहने आमच्याकडे फिरकलीच नाहीत, असे मात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन यांच्या मनात आले, की गोदावरीतून आगबोटी प्राणहितेत आणि पुढे वर्धेपर्यंत न्याव्यात, म्हणजे हिंगणघाटकडचा कापूस पाण्यावरूनच पूर्व समुद्राला लागेल. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. ते चुकवण्यासाठी बांधकाम सुरू झाले, आणि १८७१ मध्ये ते सोडून देण्यात आले. आगगाडी आली, ती उत्तरेकडच्या वडशाला शिवून पुढे गेली. आलापल्लीच्या सागवानासाठी मालमोटारी आल्या, ओंडके ओढायला कमलापूरला हत्ती आले. कापसाची काळजी कोणी वाहिली, सागाची वाहिली. बाळंतिणीला मात्र शेजारच्या चार गड्यांचे खांदे.

माझी आई या खाटेवरून दोनदा गेली. पहिल्या खेपेला नाल्याला पूर होता. दवाखान्याकडची पाऊलवाट पलीकडे दिसत होती, आणि अलीकडे खाट टेकवून माणसे पाणी ओसरण्याची वाट पाहत बसली. पाणी पहाटे ओसरले. तोवर माझी थोरली बहीण जन्माला येऊन गेलीही होती.

दोन वर्षांनी तोच नाला, तीच खाट, तेच चार गडी. पाणी छातीपर्यंत होते. या वेळी ते थांबले नाहीत. खाट डोक्यावर घेऊन पाण्यात उतरले. पलीकडच्या काठावर, दवाखान्याच्या कोसभर अलीकडे, याच खाटेवर माझा जन्म झाला. आई पुढे हसून म्हणे, "तू स्वारीने आलास रे!" बहिणीबद्दल मात्र ती आयुष्यात एकदाच बोलली. त्या रात्री कोणी कोणाशी बोलले नाही, एवढेच म्हणाली.

त्या चौघांतला एकजण मी म्हातारपणी पाहिला. त्याच्या उजव्या खांद्यावर बैलाच्या मानेसारखा घट्टा होता. "फार जड झाले असेल," असे मी म्हणालो, तर तो म्हणाला, "तुह्या मायचं काही वजन नव्हतं, बापू. वजन पान्याचं होतं."

पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली. आमच्या एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा-वांगेतुरीच्या वाटेवर ती पोचली १ जानेवारी २०२५ रोजी. मध्ये साडेशहात्तर वर्षे गेली. ती बातमी मी घरात मोठ्याने वाचली, आणि खरे सांगतो, माझा आवाज जरा कापला. तरीही खाट पेन्शनीत निघाली, असे मला म्हणवत नाही. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडावे, तर कुठल्यातरी पाड्यावरून ती पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर निघालेली दिसते.

परवा मी बाजारातून नवी सुतळी आणली आणि पडवीत खाट आडवी केली. नातू शेजारी येऊन बसला. कोपऱ्यांशी लाकडावर दोराने पडलेल्या खाचांवरून बोट फिरवीत त्याने विचारले, "आजोबा, हे कशाचे?" मी त्याला सगळे सांगितले, बहिणीचेही सांगितले. सांगून झाले, तेव्हा लक्षात आले, की हातात केरसुणी तशीच धरून सूनबाई दारात उभी आहे.

तिने केरसुणी भिंतीशी ठेवली, पदर खोचला आणि सुतळीचे दुसरे टोक धरले.

"जरा कसून ओढा, मामाजी," ती म्हणाली, "झोल राहायला नको."