मायक्रोवेव्ह ‘पिता’ करतो!

लेबनॉनमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, म्हणजे युनिफिलमध्ये, आपली बटालियन १९९८ पासून आहे. स्पॅनिश सैनिक तिथे २००६ मध्ये आले. दोघेही पूर्व सेक्टरमध्ये. कामाची भाषा इंग्रजी, पण रात्री दोन वाजता मशीन कुरकुरायला लागलं की दोन्ही बाजूंचं इंग्रजी तोकडं पडतं.

‘आवाज येतोय’ एवढं सांगून मेकॅनिकला काय कळणार? जनरेटरचा पट्टा घसरत असेल तर कर्कश शिटीसारखा आवाज येतो. बेअरिंग जात असेल तर घरघर. आणि यूपीएस टूं-टूं करत असेल तर वीज गेली आहे, बॅटरी संपायच्या आत हालचाल करा. तीन आवाज, तीन वेगळे इलाज. चुकीचा शब्द गेला की पोस्टचा रेडिओ बंद पडू शकतो.

आपण मराठीत आवाजाची जोडी लावतो : घरघर, खडखड, टिकटिक. ही नक्कल स्पॅनिश माणसाला करून दाखवली तर तो नुसता हसतो. एका स्पॅनिश सार्जंटने मला चहाच्या कपावर सांगितलं, ‘नक्कल सोड, क्रियापद धर.’ मग आम्ही खोलीतल्या एकेका वस्तूपासून सुरुवात केली.

फ्रिज गुणगुणतो : ‘ला नेवेरा थुम्बा’. दार करकरतं : ‘ला पुएर्ता चिर्रीआ’. घसरणाऱ्या पट्ट्यालाही हेच क्रियापद. नळ ठिबकतो : ‘एल ग्रीफो गोतेआ’. आणि मायक्रोवेव्ह? ‘एल मिक्रोओन्दास पिता’. आमचे जवान पोट धरून हसले. यूपीएसही ‘पिता’च करतो, फुटबॉलचा रेफरीही शिटी वाजवून ‘पिता’ करतो. यातलाच वाक्प्रचार ‘सालीर पितान्दो’, म्हणजे धूम ठोकणं. फौजीला तो लगेच पाठ होतो.

शिकणाऱ्यांसाठी एक सोपी खूण. यातल्या बऱ्याच क्रियापदांच्या शेवटी ‘ईदो’ लावलं की आवाजाचं नाम तयार होतं : पितार–पितीदो, थुम्बार–थुम्बीदो, चिर्रिआर–चिर्रीदो, क्रुखीर (लाकूड कडकडणं)–क्रुखीदो. सगळीकडे नाही. ठिबकण्याचं ‘गोतेओ’ होतं, मांजराच्या किंवा इंजिनाच्या घुरघुरीचं ‘रोन्रोनेओ’. लॅटिन अमेरिकेत ‘थुम्बा’चा उच्चार ‘सुम्बा’ होतो, तेवढं ध्यानात ठेवा.

शब्दकोशाची पानं पाठ करण्यापेक्षा घरात एक फेरी मारा. पंखा, मिक्सर, घड्याळ, इन्व्हर्टर, प्रत्येकापाशी थांबून त्याचा आवाज त्या भाषेत सांगा. नमस्कार-चमत्कार सगळेच शिकतात. पण मशीनला काय होतंय ते ज्याला समोरच्याच्या भाषेत सांगता येतं, त्याच्यावर रात्रीची ड्यूटी सोपवून बाकीचे निर्धास्त झोपतात.