हे बी लिवा जी!

गेले काही आठवडे मी भेटेल त्याला धरून एकच गोष्ट सांगते आहे आणि लोक आता मला टाळायला लागलेत, म्हणून लिहूनच काढते. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात, छत्तीसगडची हद्द जिथून फार लांब नाही अशा एका टोल्यावर, म्हणजे लहानशा वस्तीवर, रात्री जेवणं आटोपल्यावर ताडपत्रीवर बसून मी माणसांना धोरण ठरवताना पाहिलं. हो, धोरण! तज्ज्ञ समिती, मसुदा, हरकती-सूचना, अंमलबजावणी यंत्रणा असल्या शब्दांच्या सोबतीनंच ते आजवर मला भेटलेलं. इथे साठ-सत्तर माणसं, त्यांत जवळजवळ निम्म्या बाया, एक डोळ्यांवर येणारा हॅलोजन, एक जाडजूड प्रोसिडिंग बुक. आणि विषय काय, तर मोहाच्या झाडाखाली आग लावायची की नाही.

मी तिकडे गेले होते मावसबहिणीकडे. ती शिक्षिका आहे, टोल्यावर तिची ओळख. ‘आज ग्रामसभा आहे, येतेस का, कंटाळा आला तर उठून जाऊ,’ एवढंच ती म्हणाली होती. उठायचं कसलं! मला तिथून अक्षरशः ओढून न्यावं लागलं.

आधी आगीचं सांगते, नाहीतर काहीच कळायचं नाही. मार्च-एप्रिलात मोहफुलं पहाटे गळतात. झाडाखाली वाळक्या पाल्याचा थर असतो, त्यात फूल दिसत नाही. मग सोपा उपाय: काडी लावायची, पाला जळून जमीन साफ होते, फुलं टपटप दिसतात. पण आग झाडाखाली थांबते थोडीच? वाऱ्यावर स्वार होऊन जंगलात शिरते, रोपटी जातात, पक्ष्यांची घरटी जातात, चाराही जातो. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरीही मोह हे घरचं नगद पीक. म्हणजे चूक कुणाची हा प्रश्नच नव्हता. अडचण खरी होती आणि नुकसानही खरं होतं, त्या दोन्हींतून वाट काढायची होती.

वनहक्क समितीतला एक तरुण उभा राहिला. ‘औंदा आग लावाची नाही. लावली त पाचशे रुपये दंड.’ माना हलल्या. सचिव लिहायला लागला. मला वाटलं, झालं, पुढचा विषय. तेवढ्यात बायांच्या बाजूनं एक आजी म्हणाल्या, ‘दंड लिवता, पन पाला कोनं झाडाचा? सात झाडं हायेत माही. दोन्ही टोंगळे गेले माह्ये.’

आणि सभा तिथे खऱ्या अर्थानं सुरू झाली! कुणी म्हणालं, ज्याचं झाड त्यानं झाडावं. लगेच दुसरीकडून आलं, मग म्हातारी माणसं काय करतील, आणि ज्यांच्या घरचे कर्ते नागपूर-हैदराबादला कामाला गेलेत ते? एकानं सुचवलं, पोरांची टोळी करा, त्यांना रोजी द्या. रोजी कुठून? तेंदूपत्त्याच्या पैशातून, ग्रामसभेच्या खात्यातून. किती झाडं, किती दिवस? बोटांवर हिशेब. राखण कोण करणार? रोज दोन घरांची पाळी. पलीकडच्या गावातून आग आली तर? इथे मात्र शांतता पसरली, आणि मग ठरलं की त्यांच्या ग्रामसभेशी आधी बोलायचं. त्यांना दंड लावायचा आपल्याला काय अधिकार?

मी वहीत भराभर लिहीत होते. हरकत, सवलत, आर्थिक तरतूद, अंमलबजावणी, अधिकारक्षेत्र, सगळं त्या तासाभरात येऊन गेलं आणि यातला एकही शब्द कुणी वापरला नाही. शेवटी सचिवानं ठराव वाचून दाखवला. दंड होता, पाळी होती. आजी पुन्हा उठल्या. ‘म्हातारे, बिमार, त्याईच्या झाडाखाली ग्रामसभा झाडून देईल, हे बी लिवा जी.’ सचिव म्हणाला, ते तर ठरलंच आहे. आजी बसल्या नाहीत. ‘ठरलं त लिवा.’ लिहिलं. मग अंगठे आणि सह्या. आजींनी सही केली, थरथरती पण सही.

सभा संपल्यावर मी त्या सचिवाला धरलं. पंचविशीचा मुलगा, हातात घडी घालून घालून मऊ झालेलं नियमांचं पुस्तक. जंगलावर तुमचा हक्क आहे म्हणजे नेमका किती, असं मी विचारलं आणि पुढचा अर्धा तास तो बोलत होता, मी ऐकत होते, मावसबहीण जांभया देत होती. 2006 चा वनहक्क कायदा. त्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला आले, 2012 मध्ये सुधारले. त्या कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी प्रौढ माणसं. निवडून आलेली नव्हेत, सगळी! टोलासुद्धा स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. कोरम निम्म्यांचा, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. म्हणूनच सुरुवातीला पोरांना घरोघर पिटाळलं होतं, आणि मला वाटलं होतं चहा सांगायला चाललीत. सामूहिक वनहक्क एकदा मिळाला की आपल्या हद्दीतलं जंगल राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेचा. मोहाखालची आग हा त्यातलाच विषय. तो ठराव म्हणजे गावकऱ्यांची सदिच्छा नव्हती, त्याला देशाच्या संसदेनं केलेल्या कायद्याचं बळ होतं.

गोंदिया जिल्हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रांत येत नाही, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा इथे लागू नाही. शेजारच्या गडचिरोलीतल्या गावांच्या हाती दोन कायदे, इथल्या गावांच्या हाती वनहक्काचा एकच, आणि त्या एकावर एवढं उभं केलंय. हे ऐकून तर मी थक्कच झाले.

दावा कसा करतात हे तर कादंबरीसारखं आहे! हद्द पायी फिरायची, शेजारच्या गावांना बोलावून. नाले, डोंगऱ्या, देवाची ठिकाणं, गुरं चरायची रानं नकाशावर आणायची. पुराव्याला काय, तर जुन्या मध्य प्रांताच्या काळातलं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मालगुजारीच्या दिवसांत गावानं लाकूडफाटा, चराई, पाणी कुठून घ्यायचं हे लिहून ठेवलेले ते कागद. त्यांची झेरॉक्स मी हातात घेतली. आणि त्याहून भारी गोष्ट: गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरला जातो. कायद्यानं आजोबांच्या आठवणीला कागदाच्या शेजारी बसवलं!

पैशाचं विचारल्याशिवाय मला चैन पडेना. तर तेंदूपत्ता. 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. 1969 च्या कायद्यानं या पानाचा व्यापार राज्य सरकारच्या हाती गेला होता. ज्यांनी भल्या पहाटे जंगलात जाऊन पान तोडायचं त्यांना मजुरी मिळायची, भाव ठरवण्यात त्यांचा आवाज नसायचा. वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी दिली आणि 2013 मध्ये गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपत्ता स्वतः विकायला काढला. पुढे देवरी तालुक्यातल्या ग्रामसभांनी आपला महासंघही बांधला. आता वर्तमानपत्रात जाहिरात ग्रामसभा देते, ठेकेदार येऊन बसतात, भावाची घासाघीस गावासमोर होते, करारावर गावाची सही. फडावर मुनशी कोण, हेही सभाच ठरवते. एका वर्षी पडता बाजार असला की ठेकेदार फिरकत नाहीत, पैसे अडकतात, भांडणं होतात, तेही त्या मुलानं लपवलं नाही. मला ते ऐकून उलट विश्वासच वाटला.

त्या रात्री मला झोप लागेना. मोबाइलवर जे सापडेल ते वाचत बसले. मेंढा-लेखाचं नाव पूर्वी ऐकलं होतं, पण ते गडचिरोलीतलं, शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखं कुठेतरी दूर. 2009 मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथे सर्वसहमतीचा आणि अभ्यासगटाचा पायंडा पाडला: आधी समजून घ्यायचं, मगच ठरवायचं, आणि बहुमतानं कुणाला दडपायचं नाही. मी पाहिलेल्या सभेतही हात मोजले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. ओडिशातल्या नियमगिरीचं तर वाचताना मी उठून बसले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांसमोर ठेवायला सांगितलं, 12 ग्रामसभा भरल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. एवढी मोठी कंपनी, आणि उत्तर दिलं डोंगरावरच्या पाड्यांनी!

आता कुणी म्हणेल, हे जंगलवाल्या गावांचं झालं. अहो, साधी ग्रामपंचायतीची ग्रामसभाही काही कमी नाही! महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्यात. नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. मुख्य सभेआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी. सभा बोलवायचीच टाळली तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. घरकुलाच्या यादीत कोण, रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण, गावाचा विकास आराखडा, सगळं तिच्यासमोर यायला हवं. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी आकडा. आणि तो भरला नाही तर सभा तहकूब होते, तहकूब सभेला कोरम लागत नाही. यात केवढी मेख आहे पाहा! लोक घरी बसले की चार टाळकी पुढच्या तारखेला निर्णय घेऊन मोकळी, तेही पूर्ण कायदेशीरपणे. ‘ग्रामसभेत काय होतंय’ म्हणून घरी बसणाऱ्यांनीच त्या चार टाळक्यांना कोऱ्या कागदावर सही दिलेली असते.

एक तक्रार मात्र मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. ठरलेल्या ग्रामसभांतली एक तारीख 1 मे. महाराष्ट्र दिन, शिवाय 1999 मध्ये याच दिवशी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, म्हणजे जिल्ह्याचाही वाढदिवस. झेंडा, भाषण, ग्रामसभा, सगळं जुळतं. पण तोच ऐन तेंदूपत्त्याचा हंगाम! माणसं अंधारात जंगलात गेलेली, दुपारी घरी येऊन पुडे बांधत बसलेली, संध्याकाळी फडावर रांगेत. सभेला येणार कोण? मुंबईत बसून तारीख ठरवणाऱ्याला तेंदूचं झुडूप दिसत नसेल, पण जिल्ह्यात बसलेल्यांना तर दिसतं! टोल्यावरच्या सभा रात्री भरतात त्याचं कारण हेच. जिथे निर्णय हवे आहेत तिथल्या लोकांनी वेळ ठरवली, तर कोरम आपोआप भरतो.

सगळं गोड गोड होतं असं समजू नका. त्या सभेत बोलणाऱ्या बाया चारच होत्या, बाकीच्या आपापसांत कुजबुजत होत्या आणि त्यांच्या कुजबुजीतलं निम्मं कामाचं होतं. कॉलेजात जाणारी पोरं मागे मोबाइलमध्ये. एका गृहस्थांनी तर विषय सोडून आपल्या धुऱ्याचं भांडण काढलं आणि वीस मिनिटं खाल्ली. पण गंमत अशी की त्यांना कुणी गप्प बसवलं नाही. झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं बघणारी माणसं ही, ऐकण्याचा दम त्यांच्यात भरपूर!

पुण्याला परतले ती हे सगळं डोक्यात घेऊन. आमच्याकडे असं काही आहे का, म्हणून शोधायला लागले. शहरांसाठी 2009 मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली होती, म्हणजे प्रभागातल्या मतदारांची सभा. कायद्यात आहे, पण माझ्या ओळखीच्या एकाही माणसानं ती भरलेली पाहिलेली नाही. साठ-सत्तर माणसांच्या टोल्याला जे मिळालं ते लाखोंच्या शहराला नाही! मात्र दुसरी एक वाट सापडली. पुणे महापालिकेनं 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय केली आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, प्रभागातलं छोटं काम सुचवायचं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं 1989 मध्ये लोकांना अंदाजपत्रकात बसवलं, तिथून ही कल्पना जगभर गेली आणि फिरत फिरत माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर येऊन बसली होती. सोसायटीत विचारलं, एकालाही पत्ता नाही.

मी कोपऱ्यावरच्या पादपथासाठी एक बाक सुचवायचा ठरवला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे जिथे कुणी बोलत नाही तिथे गदारोळ! तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, बाक आला की टवाळ पोरं बसतील. तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, बसू देत, पण दवाखान्यातून चालत येताना मी कुठे टेकू? भाजीवाल्या मावशींना वाटतंय बाकामुळे त्यांची जागा जाईल, त्यांना अजून कुणी विचारलंच नव्हतं. एकीचं म्हणणं, बाक राहू दे, आधी तिथला बंद दिवा सुरू करा. रविवारी संध्याकाळी सगळे गच्चीवर जमणार आहेत, मावशींनाही बोलावलंय, आणि मी एक दोनशे पानी वही आणून ठेवली आहे.